कणगीचा उभा छेद

सातारा
४ जुलै १९६६

कु. अंजना बनसोडे यांस नमस्कार.

ओळख नसताना लिहितो आहे. मी साताऱ्याहून एक दिवाळी अंक काढतो. यंदा त्यात एक छोटी कादंबरी छापायची आहे आणि तिच्यासाठी तीन चित्रे हवी आहेत. नायिका दारात उभी, नायक पाठमोरा, असली चित्रे पुण्याहून पाहिजे तितकी मिळतात. मला प्रसंग नको, आशय हवा.

कादंबरी अशी : एका वस्तीने धर्म बदलला. एका माणसाने पुढे होऊन घरोघरचे देव गोळा केले आणि नदीत सोडले. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र काहीतरी मागे राहिले. श्रद्धा विझत नाही, असे चित्रांतून सूचित व्हावे. विझत आलेली समई, कोमेजलेले कमळ, असे काहीसे माझ्या डोळ्यांपुढे येते.

लेखकाचे नाव अंक निघेपर्यंत गुप्त राहील. तुमचे नाव एका स्नेह्यांनी सुचवले. होकार कळवावा.

लालासाहेब फडतरे

विश्रामबाग, सांगली
९ जुलै १९६६

श्री. फडतरे यांस नमस्कार.

मी चित्रकार नाही. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात आरेखक आहे. बांध, मोऱ्या, कालवे यांचे नकाशे काढते. न पाहिलेली वस्तू मी काढत नाही, आणि कोमेजलेले कमळ मी पाहिलेले नाही.

माझे एकही चित्र आजवर कोठे छापलेले नाही. तरी हे स्नेही कोण, ज्यांना माझे नाव सुचले? आमच्या घराने धर्म बदललेला आहे. अशा कादंबरीसाठी मलाच विचारावे, हा योगायोग आहे काय? याचे उत्तर आल्यावर ठरवीन.

अंजना बनसोडे

सातारा
१४ जुलै १९६६

कु. बनसोडे यांस,

स्नेह्यांचे नाव सांगायची मला मोकळीक नाही. योगायोग नाही, एवढे मात्र खरे सांगतो. कादंबरीची नक्कल सोबत पाठवत आहे. ती आमच्या छापखान्यातल्या कारकुनाने केलेली आहे, तेव्हा अक्षरावरून शोध लावण्याचे कष्ट घेऊ नयेत. तुमच्या पत्रावरून तुम्ही ते घ्याल असे वाटले.

समईचा आग्रह सोडतो. कमळाचाही. वाचा आणि तुम्हाला दिसेल ते काढा.

लालासाहेब फडतरे

विश्रामबाग, सांगली
३१ जुलै १९६६

श्री. फडतरे यांस,

नक्कल दोनदा वाचली. तीन रेखाटने सोबत आहेत. सर्व काम रेषेचे आहे. छटा कोठेही घातलेली नाही, म्हणजे तुमच्या स्वस्त कागदावर छपाईचा ठसा शाईने भरणार नाही.

पहिल्यात नदीचा उतार आणि देवांनी भरलेली पाटी वरून पाहिल्याप्रमाणे. माणसे नाहीत, ओल्या वाळूत पावले आहेत. दुसऱ्यात रिकामा कोनाडा समोरून. आत तेलाचा गोल डाग आणि वर गेलेली काजळी. समई न काढता तुम्हाला हवे ते त्यात आले असावे.

तिसऱ्यात थोडा बदल केला आहे. कादंबरीतली बाई देव सोडायच्या सकाळी धान्याच्या कणगीच्या बुडात काहीतरी ठेवून वरून लिंपते. काय ठेवते हे लेखकाने कोठेच सांगितलेले नाही. मी कणगीऐवजी विहीर काढली आहे. विहीर लगेच ओळखू येते. लेखकाने मजकुरातही विहीर करावी, असे सुचवते.

चित्रांखाली माझे नाव घालू नये.

अंजना बनसोडे

विश्रामबाग, सांगली
३१ जुलै १९६६

दादासो, जयभीम.

सरळ विचारते. साताऱ्याला फडतरे नावाच्या संपादकांकडे एक कादंबरी छापली जात आहे. त्यातले घर आमचे आहे. कोनाडा दक्षिणेच्या भिंतीत आणि कणगी चुलीच्या डाव्या अंगाला. देवांची पाटी वारणेला नेली, त्या दिवसांत तू शाळेसाठी आमच्या, म्हणजे तुझ्या काकांच्याच घरी राहत होतास. तू कविता करतोस. तुझे साताऱ्याला जाणे-येणे असते.

त्या कादंबरीतली बाई कणगीच्या बुडात काहीतरी लपवते. आमच्या घरात असे झाले की नाही, हे मी सांगत नाही. वाचणारे मात्र विचारतील. आबांनी दारोदार जाऊन लोकांकडून देव मागून घेतले. काहींनी रडत दिले. त्याच माणसाच्या घरात देव राहिला होता असे म्हणायला वस्तीला एक कागद पुरेल. आबांना ते सोसणार नाही, आणि आईला त्या वस्तीत राहायचे आहे.

तू लिहिले असशील तर मागे घे. नसशील तर हे पत्र चुलीत घाल.

अंजना

कऱ्हाड
६ ऑगस्ट १९६६

अंजे, जयभीम.

तुझं पत्र न्हवं, पोलिसाचं समन्स आलं असं वाटून बायकोनं आधी पाणी दिलं आन् मग पत्र दिलं. अगं, माझी कविता सोळा ओळींच्या फुडं जात न्हाई, आन् त्यातल्या आठ मास्तर लोक काढाय सांगत्यात. कादंबरी कुठली लिवतोय मी?

"सांगत नाही" म्हणालीस म्हंजे झालंय. तुला खोटं बोलाय येत न्हाई, गप बसाय तेवढं येतं. भिऊ नगंस. पत्र चुलीत गेलं, चहा बी झाला त्यावर.

पण एक इचारतो. तू लपिवताना बघितलंस, का काय लपिवलं त्ये बघितलंस? कारण काकीला देवाचं याड कवाच नव्हतं. माझी आई सांगायची, तुझा थोरला भाऊ नाथा गेला तवापास्नं तुझ्या आईनं देवापुढं दिवा लावला न्हाई. लावायच्या त्या माझी आई न्हाईतर आपली आत्या आक्काताई. तू तवा जन्माला बी आली नव्हतीस. तीन वर्सांचं पोर घेतलं म्हणून जी बाई देवाशी बोलत नव्हती, ती त्यालाच कणगीत कशाला जपंल?

आन् साताऱ्यातल्या माणसाचा तपास कऱ्हाडात का करतीस? आबा हायती की तिथं. गोदामाची रखवाली करून कंटाळलं असतील. फडतऱ्याच्या दारात खुर्ची टाकून बसाय सांग, पलटणीतल्या मिशा बघून समदं वकंल त्यो.

दादासो

विश्रामबाग, सांगली
१४ ऑगस्ट १९६६

आबा, जयभीम.

माझे ठीक चालले आहे. घरातली कणगी आता जुनी झाली. तुरकाठ्या कुजल्या असतील, उंदीरही होतात. मी पत्र्याची कोठी घ्यायचे ठरवले आहे. नागपंचमीची गर्दी ओसरली की शिराळ्यापर्यंत एसटीने आणीन, पुढे बैलगाडी मिळेल. जुनी कणगी मी स्वतःच मोडीन. तुम्ही त्यासाठी रजा काढू नका.

साताऱ्यात फडतरे नावाचे कोणी संपादक आहेत. माणूस कसा आहे? त्यांच्याकडे कोण कोण येते-जाते?

अंजना

सातारा
२० ऑगस्ट १९६६

चि. अंजना, जयभीम.

कणगी मोडायची न्हाई. पत्र्याच्या कोठीत जुंधळा घामेजतो. उंदरांचं मी मागंच बघितलंय.

फडतरे माणूस सरळ हाय. बोलतो लय. त्याच्याकडं कोण येतं जातं ह्याची मला काय खबर असणार.

तू आडून इचारतीस. आमच्या पलटणीत एक सुभेदार असाच इचारायचा. त्याला राशनातली साखर कमी झालेली कळायची, आन् त्यो इचारायचा पावसापाण्याचं. तुला काय इचारायचं असंल त्ये इचार. न्हाईतर इचारू नगंस. कणगीला मात्र हात लावू नगंस.

जेवणाखाण्याकडं बघ.

राजाराम बनसोडे

सातारा
२५ ऑगस्ट १९६६

कु. बनसोडे यांस,

पहिली दोन चित्रे ठशासाठी पाठवली. कोनाड्याचे चित्र पाहून लेखकांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिले. नंतर चहा न घेताच गेले.

तिसरे परत करीत आहे. त्यांचे म्हणणे, विहीर नाही. कणगीच हवी, आणि तिचा छेद हवा. बाहेरून कणगी कोणीही काढील. भिंतीच्या आत काय आहे हे माप न सोडता दाखवणे तुम्हाला येते, म्हणून तर त्यांनी तुमचे नाव सुचवले होते.

हे शेवटचे वाक्य मला लिहायचे नव्हते. पण आता खोडले तर तुम्ही कागद उजेडापुढे धरून वाचाल. असू द्या.

लालासाहेब फडतरे

विश्रामबाग, सांगली
१ सप्टेंबर १९६६

श्री. फडतरे यांस,

म्हणजे स्नेही आणि लेखक एकच. तो साताऱ्यात राहतो, तुमच्या कचेरीत चालत येतो, आणि मी छेद काढते हे त्याला ठाऊक आहे. माझ्या कार्यालयाबाहेर हे ठाऊक असणारी माणसे फार नाहीत. त्यांतल्या एकावर माझा संशय होता. तो चुकला असे दिसते.

मी नाही म्हटले तर तुम्ही दुसऱ्याकडून काढून घ्याल, आणि तो काय काढील ते माझ्या हातात राहणार नाही. म्हणून कणगीचा उभा छेद सोबत पाठवत आहे. तुरकाठ्यांचे विणकाम, आतून-बाहेरून शेणामातीचे लिंपण, जोंधळा आणि बुडातली पोकळी. पोकळीत खणात गुंडाळलेला टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली अष्टभुजा देवी, हातांत शस्त्रे, पायांशी सिंह. बाहेरचे लिंपण बायका हात फिरवतात तसे अर्धगोल.

हे लेखकाला दाखवा. ऐकून लिहिणाऱ्याला चित्र बरोबर वाटेल. पाहून लिहिणाऱ्याला त्यात चूक असल्यास दिसेल. मला एवढेच हवे आहे.

अंजना बनसोडे

सातारा
१० सप्टेंबर १९६६

कु. बनसोडे यांस,

तुम्ही लावलेला सापळा मला कळला. लेखकांनाही कळला. तरी ते त्यात स्वतःहून पाय घालत आहेत. त्यांच्या दुरुस्त्या माझ्या शब्दांत देतो, त्यांच्या शब्दांत दिल्या तर माझा शब्द मोडेल.

टाक बरोबर. देवी चूक. हात दोनच, शस्त्र नाही, सिंह नाही. नुसती उभी आकृती, अंगठ्याच्या नखाएवढी, नाक-डोळेसुद्धा नीट न उठलेली. खण चूक. टाक लहान मुलाच्या झबल्यात गुंडाळलेला आहे आणि झबल्याच्या बंदांची गाठ मारलेली आहे.

आणखी एक. लिंपण अर्धगोल नाही. बोटांचे फराटे वरून खाली, सरळ. मी म्हणालो, माझे सगळे आयुष्य खेड्यात गेले, असे लिंपण कोणी करीत नाही. ते म्हणाले, एकाने केले आहे.

लालासाहेब फडतरे

विश्रामबाग, सांगली
१३ सप्टेंबर १९६६

आबा, जयभीम.

झबले कोणत्या रंगाचे होते? चित्र काळ्या शाईतच छापणार आहे. पण मला माहीत हवे.

अंजना

सातारा
१७ सप्टेंबर १९६६

चि. अंजना, जयभीम.

हिरवं.

तू इचारशील हे ठाऊक व्हतं, पण आडून इचारशील असं वाटलेलं. सरळ इचारलंस, बरं झालं.

नाथा गेला तवा मी पलटणीत, लांब व्हतो. पत्र हातात पडलं तवा पोराला जाऊन दोन म्हयने झालं व्हतं. त्याला म्या चालताना बघितलंच न्हाई. रजेवर आलो तर तुझ्या आईनं त्याच्या पायातलं वाळं शिराळ्याच्या सोनाराला देऊन त्याचा टाक करून घेतला व्हता. गेलेल्या माणसाचा टाक करून देवात बसवायची आपल्यात तवा रीत व्हती. देवांकडं ती बघत नव्हती. त्यांच्यातल्या त्या एकालाच बघायची.

सत्तावन साली म्या पाटी घिऊन घरोघर फिरलो. शेवटाला आपल्या दारात आलो. तिनं एकेक देव आणून पाटीत घातला. म्या मोजलं न्हाई. मोजायला पायजे व्हतं का नगं, ह्याचा इचार अजून करतोय.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्सी सुट्टीत घरी आलो. ती रानात तण काढाय, भांगलायला गेली व्हती. उंदरांनी कणगीचं बूड उकरलं व्हतं. म्या हात घातला तर हातात त्ये आलं. झबलं सोडलं, बघितलं, परत बांधलं. ती यायच्या आत माती कालवून लिंपून टाकलं. तिला कळलं न्हाई. सांगू कसं? सांगितलं तर तिला वाटंल, ह्यानं माझी झडती घेतली. लोकांचं देव घेतलं आन् आता माझं पोरगं बी घेतोय. न सांगावं तर ती ह्या वयात नवऱ्याला भिऊन ऱ्हातीया, दर वर्सी कणगीपशी कोण जास्त येळ उभं ऱ्हायलं की तिचं तोंड उतरतं. म्या बघतो ना.

लोकांपुढं मला काय बोलायचं त्ये म्या बोलीन. मागं ऱ्हायला त्यो देव नव्हता. पण तिच्यापुढं मला बोलाय येत न्हाई. म्हणून रातपाळीला लिवत गेलो. लिवून झाल्यावर ध्यानात आलं की तिला कुठं अक्षर येतंय. दुसऱ्यानं वाचून दाखवावं असलं हे न्हाई.

चित्र तिला कळतं. दुसऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं समई काढली असती, आन् तिला वाटलं असतं कुणाच्या तरी देवळाची गोष्ट हाय. तू काढतीस त्यो नकाशा असतो. तिथं हाय त्येच असतं. तिनं बघून वळखावं की मला ठाऊक हाय, आन् ऱ्हाऊ दिलंय. एवढ्यासाठी तुला ह्यात आणली. नाव लपिवलं कारण तू बापाचं म्हणून काढलं असतंस, तर चित्र गोड केलं असतंस.

आता काढायचं का नगं, तू ठरव.

राजाराम बनसोडे

विश्रामबाग, सांगली
२२ सप्टेंबर १९६६

श्री. फडतरे यांस,

तिसरे चित्र नव्याने काढून पाठवत आहे. दुरुस्त्या सर्व केल्या आहेत. फराटे सरळ आहेत. ठसा करणाऱ्याला ते चूक वाटून तो "सुधारील". त्याला तसे करू देऊ नये.

एक अट आहे. तिन्ही चित्रांखाली माझे पूर्ण नाव घाला, आणि कादंबरीवर लेखकाचे पूर्ण नाव. दोन्ही किंवा एकही नाही. ज्यांनी लोकांच्या दारात उभे राहून नाव घेऊन हाका मारल्या, त्यांना आपल्या दारात निनावी येता येणार नाही. हे त्यांना माझ्या शब्दांतच सांगा.

कादंबरीला नाव नव्हते. मी शीर्षकाची अक्षरे हाताने आखून सोबत ठेवली आहेत. दोनच अक्षरे आहेत : नाथा. लेखकाला नको असल्यास परत करावीत.

अंजना बनसोडे

सातारा
३० सप्टेंबर १९६६

कु. बनसोडे यांस,

अट सांगितली. "पोरगी सुभेदार झाली" एवढेच म्हणाले आणि कागदावर सही केली. अक्षरे परत करीत नाही.

ठसेवाल्याने फराटे सुधारले होते. पुन्हा करून घेतले.

लालासाहेब फडतरे

मुक्काम घरी
१८ नोव्हेंबर १९६६

आबा, जयभीम.

अंक घेऊन परवा घरी आले. आधी वस्तीचे सांगते, म्हणजे ते मागे उरणार नाही. अंक माझ्या आधीच पोचला होता. शेजारचे हरिबा तात्या दारावरून गेले. नेहमी आत येतात, आले नाहीत. संध्याकाळी बुद्धवंदनेला त्यांनी आईकडे पाहिले नाही. तेव्हा रडत देव देणाऱ्या राहीबाई घरी आल्या, कणगीचे चित्र मागून घेतले, मांडीवर धरून बसल्या आणि तशाच उठून गेल्या. तुम्ही याल तेव्हा बोलावे लागेल. तयारीने या.

आता आईचे.

मी काही समजावून सांगितले नाही. अंक उघडून तिच्यापुढे ठेवला आणि भांडी घासायला बसले, तिला दिसेल अशी पण तिच्याकडे न पाहता. पाटीचे पान तिने लवकर उलटले. कोनाड्यावर "ह्यो आपला" म्हणाली. मग कणगी आली.

भांडी संपली म्हणून मी वळले. तिचे बोट झबल्यावर नव्हते, टाकावरही नव्हते. ते बाहेरच्या लिंपणावर वरून खाली फिरत होते.

"लिंपण उभं काढलंयस," ती म्हणाली.

"तसंच काढायला सांगितलं होतं."

"व्हय. उभंच हाय त्ये." मग म्हणाली, "सात वर्सं म्या त्याच्यावर हात फिरवला न्हाई. बाकीची कणगी दर वर्सी लिंपती, तेवढं ठिगाळ ऱ्हाऊ देती."

"तुला ठाऊक होतं?"

"भांगलून आले तर माती वली. बाईमाणूस असं लिंपतं व्हय? बराकीला चुना मारल्यागत. म्हटलं, ह्यास्नी कळलंय. आता इचारतील, मग इचारतील. लय वाट बघितली. म्हटलं, लाजत्यात. मग म्या बी गप बसले."

"मग तुझं तोंड का उतरायचं, कोणी कणगीपाशी उभं राहिलं की?"

"दुसरं कोण उभं ऱ्हायल्यावर न्हाई गं. तुझं आबा उभं ऱ्हाऊन न इचारता गेलं की." तिने अंक मिटला. तो कोनाड्यात ठेवला, पालथा नाही, चित्राची बाजू वर करून. मग पदराने हात पुसले आणि निरोप सांगितला. तो तिच्या शब्दांत देते :

"त्यास्नी लिव. उंदरांनी बूड पुन्ना उकरलंय. रजा काढून या म्हणावं. लिंपा, पर ह्या खेपंला माझ्यासमोर लिंपा. माती मी कालवून देती."

अंजना